कोपऱ्यातली घोंगडी

मागच्या पडवीतला कोपरा रिकामा होता. घोंगडी नव्हती, पाण्याचा तांब्या नव्हता, वेगळं ठेवलेलं ताटही नव्हतं. सकाळी शाळेला जाताना अरुंधतीनं ते सगळं स्वतः मांडून ठेवलं होतं. पहिलीच्या साठ मुलींकडून दिवसभर बाराखडी घोकून घेऊन तिचा घसा बसला होता, आणि जालन्याच्या धुळीतून येताना सबंध वाट ती या कोपऱ्याचाच विचार करत आली होती.

सकाळीच तिनं सासूला सांगितलं होतं, कावळा शिवला म्हणून. दुर्गाबाईंनी नेहमीसारखं नुसतं "बरं" म्हटलं आणि चुलीचा ताबा घेतला. महिन्याच्या त्या तीन दिवसांत बाईनं घरात कशाला शिवायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. शाळेला त्याचं सोयरसुतक नव्हतं, तिथं जावंच लागे. पण घर तेवढं सुटे. आडाचं पाणी नाही, चूल नाही, उष्टी-खरकटी नाहीत. पोरं दुरूनच बोलत. सासू चहाचा पेला लांबून सरकवी आणि तो चहा ती गरम असताना संपवी. एरवी महिनाभर तिचा चहा निवूनच जाई. तीन दिवस ती पाय लांब करून बसे, पुस्तकाची दहा-वीस पानं वाचे, कधी नुसतीच भिंतीवरच्या खारीकडे बघत राही. लोक त्याला विटाळ म्हणत. तिच्या लेखी ती रजा होती, आणि दुसरी कुठली रजा तिला नव्हतीच.

"आलीस का?" तिचा नवरा भालचंद्र बाहेरच्या खोलीतून लगबगीनं आला. कोर्टातून येऊन त्यानं वकिलीचा काळा कोटही उतरवला नव्हता. "घोंगडी देऊन टाकली मी एका वाटसरूला. आपल्या घरी हे थोतांड आता बिलकुल बंद. बाहेर आमच्या सुधारणा मंडळाचे काकासाहेब आलेत, राजूरचे दोघं आहेत, वाटूरचे दोघं. सांगितलं त्यांना, बायको आज बाजूला बसलेली आहे, तरी स्वयंपाक तिच्याच हातचा होईल."

"हे तुम्ही त्यांना सांगितलं?"

"सगळ्यांना. पाचही जण जेवून दाखवणार आहेत. वरण, भरली वांगी, पोळ्या, थोडा शिरा कर. पण जल्दी."

बाहेरून काकासाहेबांचा भरदार आवाज आला. "भालचंद्रराव, स्त्रीजातीवर उपकार केलेत तुम्ही."

अरुंधतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच परक्या पुरुषांपुढं नवऱ्यानं तिची ती गोष्ट बोलून दाखवली होती, आणि त्यावर ते मान डोलावत बसले होते. उपकार म्हणे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या माणसानं तिच्या हातातली एक घागर कधी घेतली नव्हती, रडतं पोर कधी कडेवर घेतलं नव्हतं. तिचे म्हणून तीन दिवस होते, तेवढे मात्र उचलून देऊन आला होता. तिला वाटलं, ही पिशवी, हा शिसपेन्सिलींचा डबा, सगळं त्याच्या कोटावर फेकून मारावं.

"मला विचारायचं होतं आधी," ती म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? सुटलीस तू. आई रुसून देवघरात बसली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नको."

दुर्गाबाई रुसणारच. सोवळ्याओवळ्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. तिथी, चतुर्थी, एकादशी, सगळं बोटांवर असे. गुरुजीसुद्धा पंचांग उघडण्याआधी त्यांना विचारत. आता त्या बाहेर येऊन देवाधर्माच्या नावानं घर डोक्यावर घेतील, आणि तेही आपल्यालाच ऐकावं लागेल, अशी अरुंधतीनं मनाची तयारी केली.

देवघराचं दार उघडलं. दुर्गाबाई बाहेर आल्या त्या स्वतःची वाकळ काखेत घेऊन. कोपऱ्यात येऊन त्यांनी ती पसरली, हातानं सारखी केली.

"बस," त्या सुनेला म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "भालू, विटाळ संपला ना आपल्या घरचा?"

"संपला, आई. कायमचा."

"मंग चुलीला कुणाचाही हात चालतो. तुझाही चालतो. कणीक डब्यात आहे, वांगी टोपलीत आहेत. जल्दी कर, पाहुणे खोळंबून राह्यलेत."

भालचंद्रानं आईकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. अरुंधती तोवर वाकळीवर बसली होती, पाय लांब करून. तो कोट काढत स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळानं तिकडून धूर आला आणि खोकल्याचा आवाज आला.

शेगडीवर चहा करून दुर्गाबाईंनी पेला दुरून सरकवला आणि त्या वाती वळत बसल्या. अरुंधतीचा राग अजून उतरला नव्हता. पण पेला हातात घेतल्यावर तिला घोट घेववेना.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला आज कावळा शिवलेला न्हाई. खोटं बोलले मी. फार थकून गेल्ते."

"ठाऊक आहे." दुर्गाबाईंनी मान वर केली नाही. "पंधरा दिवसांमागंच बसली होतीस. गेल्या महिन्यातही दोनदा बसलीस."

"मंग तुम्ही बोलला का न्हाईत?"

"चहा निवून राह्यला, पी." त्यांनी वळलेली वात ताटलीत ठेवली. "माझ्या सासूबाईंनाही दिवस मोजता येत होते. त्या कधी बोलल्या न्हाईत."