टोन येईना

सुताराने बाथरूमची कडी उचकटली, तेव्हा आई पालथ्या बादलीवर बसली होती, मोबाइल दोन्ही हातांत धरून. सकाळी दहापासून ती आत अडकली होती. चार वाजता भांडी घासायला आलेल्या शेवंताबाईंनी तिची हाक ऐकली आणि मला ऑफिसात कळवलं.

हायसं वाटण्याआधी मी चिडलेच. "अगं, फोन हातात असून सहा तास बसून राहिलीस? मला लावायचा ना!"

"लावणारच होते गं. पण टोनच येईना."

गेल्या महिन्यात टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारा कंपनीने कायमच्या बंद केल्या आणि तिचा घरचा फोन मुका झाला, तेव्हा हा मोबाइल मीच आणला. एकचं बटण दाबून धर, मला लागेल, हे दहादा शिकवलं. जाशील तिथे सोबत ने, असं बजावलं. तेवढं तिने ऐकलं. पण तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती ती. गावात डायलचे फोन आले, तेव्हा कानात टोन वाजल्याशिवाय नंबर फिरवायचा नाही, हे घराघरांत तिनेच समजावलेलं.

"मोबाइलला टोन नसतो, आई! किती वेळा सांगू?"

"लक्षातच राहत नाही बघ." माझ्या खांद्याचा आधार घेत ती कशीबशी उठली. "मला वाटलं, लाइन एकाच बाजूने गेलीय. आपला लागत नसला, तरी समोरच्याचा येतो, तशी. म्हणून हातात धरून बसले. म्हटलं, दिवसभरात एकदा तरी तू करशीलच."