फाउलचे गुण

रूपरावचे दोन दात, वरचे. एक मैदानातल्या चुन्यात सापडला. दुसरा सापडला नाही.

रामाजी, हिंगणी. सामने सोळा. बास्केट एकशे बारा. फाउल तीन.

रामाजीच्या बायकोचं, कांताचं पत्र, माहेराहून, तळेगावहून : ‘कॉटर भेटली का लगेच न्यायले येजो. सातवा महिना लागला. भावजय रोज बोलून राह्यली.’

मार्च १९७८. पाच जागा.

यादी प्रभाकररावांची होती. ते वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवत. दोन वर्षं ते जिल्ह्यातल्या प्रत्येक बास्केटबॉल सामन्याला वही घेऊन बसत. बास्केटला दोन गुण, नेमक्या पासला एक, फाउलला वजा दोन. बेरीज करून खेळाडूंना क्रमांक. या यादीत रामाजी पहिला होता.

मग साहेब आला. जिल्ह्याबाहेरच्या, लांबच्या एका मोठ्या गिरणीचा माणूस. गिरणीला खेळाडू हवे होते. पगार, राहायला क्वार्टर. पहिले पाच घेणार.

त्यानं वही चाळली.

“मास्तर, फाउल वजा कशाला करता?”

“नियम मोडला म्हणून.”

“आपले संघ मार का खातात? मऊ खेळतात म्हणून. फाउलचे दोन गुण मिळवा. आणि एक रकाना वाढवा. धक्का खाल्लेला गडी जितक्या सेकंदांनी उठेल, तितके गुण.”

प्रभाकरराव आधी हसले. पण असा रकाना कोणीच कधी आखला नव्हता. त्यांनी शाळेतलं स्टॉपवॉच आणलं.

तीन आठवड्यांत रामाजी अकरावा झाला.

“मास्तर, सर्वात जास्त बास्केट तं माह्येच हायेत.”

“हायेत ना. पण पाडलं कोणाले तू?”

“पाडाले काऊन पायजे?”

“साहेबाले तसा गडी पायजे. रविवारचा सामना शेवटचा. मंग यादी देतो मी.”

रविवारी समोर रोहण्याचा संघ होता. रूपराव त्यांचा कप्तान. रामाजीला चेंडू धरायला शिकवलेला तोच.

“काऊन बे, थोबाड काऊन उतरलं? बायकोनं चिठ्ठीत शिव्या देल्या का?”

रामाजीनं पहिलं कोपर त्याच्या बरगडीत घातलं. रूपराव हसला.

“अबे हळू! सासरा होय का मी तुह्या?”

दुसऱ्या वेळी गुडघा मांडीत. रूपराव हसला नाही. तिसऱ्यांदा रामाजीनं पोरसवदा बचावपटूला खांबावर ढकललं. त्याची भुवई फुटली. चौथ्यांदा त्यानं एकाचा हात मागं पिरगाळला, कट्‌ आवाज येईपर्यंत. लोक ओरडायला लागले. प्रभाकरराव घड्याळाकडे पाहत आकडे मांडत होते. वीस. चौतीस. एकेचाळीस.

मग रूपराव बास्केटखाली उडी मारून खाली येत होता. रामाजी पाय रोवून उभा राहिला आणि उजवं कोपर सरळ त्याच्या तोंडावर मारलं.

रूपराव पाठीवर पडला. तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला.

“काऊन मारलं बे मले?”

पाचवा फाउल. पंचानं रामाजीला बाहेर काढलं. जाताना तो वहीपाशी थांबला.

“किती झाले?”

“उठला नाई तो अजून,” प्रभाकरराव म्हणाले. “थांब.”

यादीत रामाजी चौथा आला.

सोमवारी पाच जण साहेबासोबत गाडीत बसले, एक रात्र आणि अर्धा दिवस. पुढं स्टेशनावरून ट्रक. रामाजीनं नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. त्यानं खिशातून कांताला पाठवायचं कार्ड काढलं आणि गिरणीचा पत्ता तेवढा लिहून ठेवला.

गिरणीच्या फाटकासमोर रस्त्यावर चारपाचशे माणसं बसली होती. पुढच्या रांगेत बायका. काहींच्या मांडीवर लेकरं. ट्रक दिसला तशी सगळी उठून उभी राहिली.

“एवढे लोक! आजच सामना हाय का, साहेब?”

“आजच.”

“चेंडू कुठं हाय?”

साहेबानं ट्रकमधल्या फळकुटाखालून लोखंडी सळ्या काढल्या आणि यादीच्या क्रमानं एकेकाच्या हातात दिल्या. चौथी रामाजीच्या.

साहेब वर्ध्याला पहिल्यांदा उतरला, त्या दिवशी गिरणीतल्या संपाचा अकरावा दिवस होता.