लार्टर यांचं पहिलं कुत्रं

“पॉइंटर कुत्रा तर नकोच,” हेस्टर मॅलेट चहा ओतता ओतता म्हणाली. “त्याला हुंदडायला मैलभर मोकळं रान लागतं. तुम्ही राहता त्या भाचीच्या परसात तो कुठे पळणार, कोबीच्या गड्ड्यांभोवती?”

“मग राहू दे,” एडविन लार्टर समजूतदारपणे म्हणाले आणि त्यांनी आल्याच्या केकचा आणखी एक तुकडा उचलला.

आदल्या रविवारी लॅब्रॅडॉर बाद झाला होता. शिकारीला जाणाऱ्या नवख्या माणसाला लॅब्रॅडॉरसारखं गुणी कुत्रं दुसरं नाही, हे नॉर्फकमधलं शेंबडं पोरही सांगेल. हेस्टरचं तर अर्धं आयुष्य शिकारी कुत्री शिकवून विकण्यात गेलं होतं. तरीही “केस फार गळतात हो त्याचे,” असं तिनं तोंड वर करून सांगितलं होतं.

कारण सरळ होतं. कुत्रं मिळालं की लार्टर यायचे बंद होणार. नवरा गेल्यापासून तिच्या दारात येणारा प्रत्येक पुरुष तिलाच कुत्र्यांविषयी चार गोष्टी शिकवून जायचा. लार्टर एकटेच प्रश्न विचारायचे, उत्तर ऐकून घ्यायचे आणि निघताना आपली कपबशी विसळून ठेवायचे. तिला ते आवडले होते. या वयात ते स्वतःशी कबूल करायलाही तिला लाज वाटत होती, पण आवडले होते.

माणूस मात्र अगदीच अडाणी. डोक्यावर नवी कोरी टोपी, तिला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकलेली. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं होतं, “स्वतःचं असं हे माझं पहिलंच कुत्रं, बाई. नोकरीत कधी जमलंच नाही.” प्रश्नही कुठले कुठले विचारायचे. गार पाण्यात पोहल्यावर लॅब्रॅडॉरची शेपटी लुळी पडते म्हणे, खरं का?

“पडते कधी कधी,” हेस्टर चकित होऊन म्हणाली होती. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“असंच, कुठेतरी ऐकलं.”

टेबलाखाली हेस्टरचा म्हातारा कुत्रा निपर लार्टर यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटून बसला होता. हा निपर पोस्टमनची विजार फाडल्याशिवाय पत्र घरात येऊ देत नसे.

“खिशात हॅमचं सँडविच असणार तुमच्या,” हेस्टर म्हणाली.

“असेल,” लार्टर म्हणाले.

ते गेल्यावर धाकटी बहीण डोरीन भांडी पुसत म्हणाली, “ताई, हे गृहस्थ कुत्रं घ्यायला येतात की केक संपवायला?”

“नवखे आहेत गं. घाई करून कसं चालेल?”

“घाई? शिकारीचा हंगाम सुरू होऊन रानातले फेझंट पक्षी अर्धे संपले! एक तर त्यांना कुत्रं देऊन टाक, नाही तर सरळ विचारून टाक.”

“काय विचारू?”

“आता तेही मीच सांगू? वीट मारून बघ त्यांच्या डोक्यात, कदाचित कळेल.”

पुढच्या रविवारी हेस्टरनं केस नीट बसवले आणि कपाटातली मोत्यांची माळ गळ्यात घातली. डोरीन दारातच म्हणाली, “कुत्र्यांसाठी वाटतं?”

लार्टर आले, पण आज बसले नाहीत. टोपी हातात फिरवत उभेच राहिले.

“बाई, आज ठरवूनच टाकतो. किती दिवस तुमचे रविवार खायचे? संकोच वाटतो. ती स्पॅनियल द्या, टीझल.”

टीझल म्हणजे चार पायांचा वारा. तिचे खरे दोषच इतके होते की सांगितले असते तरी ते बनवलेलेच वाटले असते. आणि आता आणखी एक कुत्रं नापास केलं, तर एवढ्या साध्या माणसालाही संशय आला असता.

“चला, एकदा रानात बघून घ्या तिला,” ती कशीबशी म्हणाली. चार पावलं का होईना, सोबत लांबेल एवढाच तिचा हेतू.

तिनं सगळीच कुत्री मोकळी केली. शेताच्या कडेनं सगळी मंडळी निघाली. एवढ्यात बांधाजवळून ससा उठला आणि टीझल सुटली. ससा कुंपणातून पलीकडच्या रस्त्याकडे आणि टीझल त्याच्या मागे. रस्त्यानं साखरबीट भरलेला ट्रक धडधडत येत होता. तिच्या पाठोपाठ लॅब्रॅडॉर धावला, पॉइंटर धावला, म्हातारा निपरसुद्धा लंगडत निघाला.

हेस्टरचा हात रोज गळ्यात असणाऱ्या शिट्टीकडे गेला. हाताला मोती लागले. तिनं तोंडानं शीळ घालायचा प्रयत्न केला, तर कोरड्या ओठांतून नुसती हवा आली. ट्रक वळणावर आला होता. तिनं डोळे मिटून घेतले.

तिच्या मागून एकच लांब शीळ घुमली. सरळ, न थरथरणारी, अशी की धावतं कुत्रं असेल तिथे खाली बसलंच पाहिजे. तशी शीळ हेस्टरला स्वतःलाही कधी जमली नव्हती.

तिनं डोळे उघडले. टीझल कुंपणाच्या अलीकडे बूड टेकून बसली होती. लॅब्रॅडॉर बसला होता, पॉइंटर बसला होता, निपर तर अर्ध्या पावलात बसला होता. ट्रक चिखल उडवत निघून गेला.

हेस्टर सावकाश मागे वळली. एडविन लार्टर तोंडातून काढलेली दोन बोटं घाईघाईनं विजारीला पुसत होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

“टीझल नको, बाई,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “पुढच्या रविवारी सेटर कुत्रा बघू या का?”