दीड मीटरवरची गाठ

"कॅमेरा ठणठणीत असणार हो काका. हात वाईट होता तो यांचा," लेक म्हणाली आणि तिनं शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

स्टुलावर तिचे बाबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे. वर्षानुवर्षं तेच ऐकत आलेल्या माणसासारखी त्यांनी मान डोलावली. नातीला हल्ली रोलच्या कॅमेऱ्याचं खूळ लागलं होतं, म्हणून हा कपाटातून बाहेर निघाला होता. द्यायच्या आधी एकदा दाखवून घ्यावा, एवढंच लेकीचं म्हणणं होतं.

दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा हातात घेतला. कोटाच्या खिशात मावेल एवढा. भिंगाभोवतीच्या कडीवर तीन चित्रं: एक डोकं, माणसांचा घोळका आणि डोंगर. अंतराचे आकडे बघून लोक बिचकतात, असं बनवणाऱ्यांना वाटलं असावं. समोरचा किती लांब आहे याचा आपणच अंदाज घ्यायचा, कडी त्या चित्रावर फिरवायची आणि बटण दाबायचं. फोटो स्पष्ट येणार की नाही हे रोल धुतल्यावरच कळणार, तोवर सगळं रामभरोसे.

लेकीनं पर्समधून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. खुर्चीत बसलेली एक बाई, सगळी पुसट. तिची आई हॉस्पिटलमधून घरी आली, त्या आठवड्यात बाबांनी अख्खा रोल काढला होता. छत्तीसच्या छत्तीस फोटो असेच. पुढे महिन्याभरात आई गेली.

"मागच्या कॅलेंडरावरची तारीख वाचता येते बघा," ती म्हणाली. "आई ओळखू येत नाही."

बाबांनी कडी डोंगरावर ठेवली असणार, असं तेव्हाच घरात ठरून गेलं होतं. लेक तर रडत रडत सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते बोलली होती. पुढे राग विरला आणि त्याची थट्टा झाली. घरात काहीही पुसट दिसलं, पावती असो की झेरॉक्स, की कोणीतरी म्हणायचंच, बाबांनी काढलंय वाटतं. नातवंडं त्यांना डोंगरवाले आजोबा म्हणत. बाबा हसायचे. कॅमेऱ्याला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

दुरुस्तीवाल्यानं तीन बारीक स्क्रू काढले आणि कडी उलटी केली. आतल्या बाजूला सुईनं कोरलेली खूण होती: एक छोटा त्रिकोण आणि खाली महिना, साल. आपण उघडलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात तो अशी खूण करायचा, परत आला तर आपलं काम ओळखू यावं म्हणून. फोटोतल्या कॅलेंडरावरही तेच साल होतं. महिना पुढचा.

त्यानं कडी परत बसवली, रोलच्या जागी दुधी काच ठेवली, फोटोत जे येईल ते तिच्यावर उमटतं, कडी डोक्याच्या चित्रावर आणली आणि काचेत पाहिलं. समोर दीड मीटरवर बसलेले बाबा पुसट होते. त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ लख्ख दिसत होतं.

भिंग साफ करून परत फिरवताना त्याचे आटे तीन-चार ठिकाणी धरतात. त्यातली एकच जागा खरी. चुकीच्या जागी धरलं तरी भिंग तितकंच सुरळीत फिरतं, फक्त कडीवरची चित्रं खोटी ठरतात; हाताला काही कळत नाही. म्हणून शेवटी दुधी काचेत बघून घ्यायचं असतं. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी ते राहून गेलं होतं. कसली घाई होती, हे त्याला आता आठवतही नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. आटे नीट बसवले असते, साफ केला म्हणून सांगितलं असतं, झालं. त्यानं बाबांना एवढंच विचारलं, की फोटो काढताना अंतर कसं मोजलं होतं?

बाबांनी कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत बोटं घातली आणि तळातून एक दोरी काढली. टोकाजवळ गाठ होती.

"डोक्याच्या चित्राला दीड मीटर, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. तिच्या नाकापर्यंत धरायचो. दरवेळी."

लेकीला हसू आलं. आई वैतागायची, म्हणायची, मी फोटोला बसलेय की शिंप्याकडे आलेय?

दुरुस्तीवाल्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढून ठेवलं. "ताई, चूक त्यांची नव्हती. माझी होती. ही खूण माझी आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. आटे, दुधी काच, राहून गेलेली पाच मिनिटं. स्वतःला कुठे सांभाळून घेतलं नाही. लेक फोटोकडे बघत राहिली.

"ती घरी यायच्या आधी मुद्दाम साफ करून घेतला होता," बाबा सावकाश म्हणाले. "फोटो चांगले यावेत म्हणून."

दुरुस्तीवाल्यानं कडी पुन्हा उघडली. त्यानं आटे खऱ्या जागी बसवले, काचेत एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. कॅमेरा त्यानं लेकीकडे दिला नाही, बाबांच्या हातात ठेवला.

लेकीनं दुसरं स्टूल ओढलं आणि बाबांच्या समोर बसली. दोरीचं एक टोक त्यांच्या बोटांत दिलं आणि गाठ स्वतःच्या नाकाशी धरली. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला, कडीवरून अंगठा फिरवला. आता ती बारीक चित्रं त्यांना दिसत नव्हती.

"बघ गं, डोंगरावर तर नाही ना?"

"नाही बाबा, डोक्यावर आहे," ती म्हणाली. गाठ पुन्हा नाकाशी धरत म्हणाली, "तेव्हाही होतं."

बाबांनी श्वास रोखून बटण दाबलं. कॅमेऱ्यात रोल नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.