वखारीतली पहिली सुई

निपाणीत प्लेगचे उंदीर पडू लागले, तेव्हा नर्सिंग शिकणाऱ्या ब्राह्मीला बेळगावच्या डॉक्टरांनी लस टोचायला तंबाखूच्या वखारीत नेलं. तिनं अजून कुणालाच टोचलं नव्हतं. मालक हसले. "ह्या पोरीच्या हातनं? आधी गुंडू हमालाला टोच. मेला तर कळंल." डॉक्टरांनी लस भरून सुई ब्राह्मीच्या हातात दिली. गुंडूनं दंड पुढं केला. तंबाखूनं पिवळा पडलेला दंड ब्राह्मीनं दोनदा पुसला, तरी सुई टेकवेना. "अण्णा, मी पयल्यांदाच टोचतेय," ती पुटपुटली. "मीबी पयल्यांदाच घेतोय, आक्का. सावकाश टोच." सुई नीट बसली. तासाभरानं गुंडू पोती उचलताना दिसला, तसे मालक बाही सारून बसले. हमालाचा जीव पणाला लावणाऱ्या त्या माणसाला शिवायचीसुद्धा तिला शिसारी आली, पण ह्या वेळी ती अडखळली नाही. "दुखलं न्हाय की. डॉक्टरांनी चांगलं शिकवलंय," मालक म्हणाले. सुई उकळत्या पाण्यात टाकत ती म्हणाली, "डॉक्टरांनी न्हवं. तुमच्या हमालानं शिकवलं."