कितवा महिना

"डोळे मिटा आणि कापूस लागल्याचं कळलं की 'हो' म्हणा," नर्स म्हणाली. पोट कमी करायच्या ऑपरेशनला आज आठवा दिवस. दवाखान्यात पहिलं ड्रेसिंग.

तिनं डोळे मिटले. तसाही खाली बघायचा तिला धीर होत नव्हता.

शेजारी उभ्या मोठ्या जावेला मात्र भारी हौस. वाकून वाकून बघत ती म्हणाली, "अगं बाई, काय सपाट झालंय! इस्त्री फिरवल्यासारखं! आता बघू कोण विचारतं कितवा महिना म्हणून!"

चार वर्षं लोक विचारत होते. लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत. बसमध्ये तर एका आजोबांनी उठून जागाच दिली. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, पोट मात्र हटून बसलं. व्यायाम झाले, उपास झाले, ढिम्म हललं नाही. भेटेल त्याला काय सांगत बसणार? "सातवा," म्हणायची आणि घरी येऊन रडायची. शेवटी डॉक्टरांना म्हणाली, कापून टाका एकदाचं.

नर्सनं कापसाचा बोळा बेंबीच्या वर टेकवला.

"हो."

बेंबीखाली टेकवला. मग उजवीकडे, डावीकडे. ती गप्पच.

"घाबरू नका. कातडी ओढून शिवलीय, तिथं काही महिने स्पर्श कळायचा नाही. थोडे दिवस वाकूनच चाला. खोकला आला तर पोटाशी उशी धरा. आणि हा पट्टा सहा आठवडे. घट्ट! लाड नाहीत."

"माझ्यावर सोपवा," जाऊ पट्टा उलगडत म्हणाली. "असा आवळते की बोलायची बंद होईल."

"हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"आत्ता कळलं. इथं, डावीकडे. हळूच."

नर्स बेसिनपाशी हात धुवत होती. कापूस तिनं केव्हाच डब्यात टाकला होता.

"अहो, कुणी हात लावला नाही तुम्हाला."

जावेच्या हातात पट्टा लोंबत होता.

तिनं डोळे उघडले नाहीत. तळहात डावीकडे ठेवला आणि श्वास धरून थांबली.

"ताई," ती जावेला म्हणाली, "पट्टा जरा सैल बांधा."