उशीखाली कोण?

"बंद करा आधी ते गाणं!" शिवणबाई बालवाडीच्या दारातूनच ओरडली.

ताईंनी दचकून स्पीकर बंद केला. झोपायला आडवी झालेली पोरं टुणकन उठून बसली. एकटी चिमणी भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती. बाईनं तिला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.

"अहो, तिचंच तर आवडतं गाणं," ताई म्हणाल्या. "लावा लावा म्हणून सारखी मागे लागते."

"आणि संपलं की रडते. मग घरी घास घेत नाही. तुम्हाला काय जातंय? निस्तरावं मला लागतं."

लहान मूल असलेल्या कुणालाही बाईचं दुखणं कळेल. तो अल्बम त्या वर्षी घरोघरी पोचला होता. दातांच्या डॉक्टरकडे तोच, बुटांच्या दुकानात तोच. दात घासायचं गाणं, अंघोळीचं गाणं आणि सगळ्यात शेवटी झोपेचं. गाणाऱ्या बाई म्हणे मुळातल्या गायिका नव्हत्याच, घरात म्हणायच्या तीच गाणी त्यांनी रेकॉर्ड केली होती. आईबापांचे कान किटले होते, पोरांचं मन भरत नव्हतं.

झोपेच्या गाण्यात त्या विचारायच्या, 'उशीखाली कोण लपलंय?' आणि मग गाणं चक्क थांबायचं. चांगलं लांबलचक थांबायचं. त्या रिकाम्या जागेत पोरांनी तोंडाला येईल ते ओरडायचं. कुणी वाघ म्हणे, कुणी बाबांचा मोजा. चिमणी मात्र दर वेळी एकच सांगायची, "आजोबांचा चष्मा!"

"आजोबांची भारी लाडकी दिसते," ताई हसत म्हणाल्या.

"आजोबा नाहीत तिला," बाई म्हणाली आणि पोरीला घेऊन निघाली.

बिचारीनं करायचं काय बाकी ठेवलं होतं? शेजारणीनं हौसेनं दिलेली सीडी तिनं मोडून टाकली. वरच्या मजल्यावरची जुळी दिवसभर तेच गाणं लावायची, म्हणून ती खोली सोडली. नव्या खोलीसमोर खेळण्यांचं दुकान निघालं, तर तिथूनही बिऱ्हाड हलवलं. बालवाडी सोडावी तर मशीनवर बसायचं कसं? पोर सुईखाली बोटं घालायची.

बाईचा तिच्यावर नुसता जीव होता. उरलेल्या कापडांतून तिला फ्रॉक शिवायची, बारीक कापलेल्या केसांवर शोभेलशी टोपी शिवायची. पण ते गाणं वाजलं की पोर मांडीवर असूनही लांब जायची. काही हवं असलं तरी हाक मारायची नाही, मुकाट्यानं कपड्याचं टोक ओढायची. ही पोर आपल्या हातची गेली तर आपण संपलो, हे बाईला पक्कं ठाऊक होतं. शिवता शिवता मध्येच तिला रडू फुटायचं.

रडं त्या चष्म्यापासून सुरू होतं, हेही तिनं हेरलं होतं. त्या संध्याकाळी तिनं पोरीला समोर बसवलं.

"उशीखाली कोण, असं विचारलं की मनीमाऊ म्हणायचं. काय म्हणायचं?"

"चष्मा."

"मनीमाऊ म्हटलंस तर क्रीमचं बिस्किट."

पोरीनं बराच विचार केला. "मनीमाऊ," ती हळूच म्हणाली. बाईनं तिचे पटापट मुके घेतले.

दोनच दिवसांनी ताईंनी बातमी दिली. "शुक्रवारी त्या गाणाऱ्या बाई स्वतः येताहेत! एक पैसा घेत नाहीत, गावोगावच्या बालवाड्या पालथ्या घालतात. एकेका मुलासमोर माइक धरतात. कित्ती माया!"

"हो ना," शिवणबाई म्हणाली. आधीच पोर रडून अर्धी होत होती, त्यात आता हे.

शुक्रवारी सकाळी तिनं फोन करून सांगितलं, चिमणीला ताप आहे. पोरीच्या हातात क्रीमचं बिस्किट देऊन तिला पडद्यामागच्या पलंगावर बसवलं आणि ती मशीनवर बसली. दुपारी दार वाजलं. तिनं फटीतून पाहिलं. बाहेर ताई होत्या आणि त्यांच्यामागे गाणाऱ्या बाई, फोटोतल्यापेक्षा पार वाळलेल्या.

"म्हटलं, आमची चिमणी नाराज व्हायला नको," ताई कौतुकानं म्हणाल्या. "हट्टानं घेऊन आले यांना!"

"झोपलीय ती."

"झोपू दे की," गाणाऱ्या बाई म्हणाल्या. "मी इथूनच म्हणते, हळू. एकही मूल राहून गेलं तर मला चैन पडत नाही."

 शिवणबाई दाराच्या चौकटीत हात रोवून उभी राहिली. गाणाऱ्या बाईंनी डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं. आवाज काही फार मोठा नव्हता. 'उशीखाली कोण लपलंय?' असं विचारून त्या थांबल्या.

 देवा, एवढ्या वेळेला निभाव, शिवणबाई मनात म्हणाली.

पडद्यामागून अगदी बारीक, दबका आवाज आला, "मनीमाऊ."

बाईचा जीव भांड्यात पडला. गाणाऱ्या बाईंनी उरलेलं कडवं कसंबसं पुरं केलं आणि डोळे टिपले.

"गोड आहे हो मुलगी तुमची," त्या म्हणाल्या. "जपा तिला."

त्या जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्याही. तेवढ्यात चिमणी पडद्यामागून आली. तिनं बाईच्या कपड्याचं टोक ओढलं आणि मुठीतलं बिस्किट तिच्या हातावर परत ठेवलं. मग तिच्या हाताखालून वाकून ती बाहेर पळाली आणि पायऱ्या उतरणाऱ्या बाईंचं बोट तिनं घट्ट धरलं.

"आई, मी खोटं बोलले," त्यांच्याकडे मान वर करून ती म्हणाली. "उशीखाली आजोबांचा चष्माच आहे."